हुशार आहे, पण लक्ष नाही: कंटाळा की एडीएचडी?

सांगलीतल्या कुठल्याही पालकसभेत हे ऐकू येतं: "हुशार आहे हो, पण लक्षच नसतं."

कंटाळलेल्या मुलाला अवघड गणित द्या, स्कॉलरशिपचं पुस्तक द्या. पेन चालू लागतं. तक्रारही बहुतेक एखाद्या विषयापुरती, नाहीतर एखाद्या बाईंपुरती. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाण्याची मेंदूच्या वाढीतली अडचण, मात्र शाळा सुटली तरी सुटत नाही. डबा वर्गातच राहतो. आंघोळीला निघालेलं पोरगं टॉवेल खांद्यावर टाकून गॅलरीत कबुतरं बघत उभं. गणित येतं, पण अधिकचं चिन्ह वजाचं वाचलेलं.

"मोबाइलवर तासन् तास बसतोय की, मग कसला आजार?" हा आजोबांचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण आवडीच्या गोष्टीत ही मुलंही गुंग होतात.

निदानासाठी लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून, किमान 6 महिने आणि घर, शाळा अशा कमीत कमी दोन ठिकाणी दिसावी लागतात. रक्ततपासणीत हे कळत नाही. डोळे, कान, झोप मात्र आधी बघून घ्या.

कधी कंटाळा आणि एडीएचडी दोन्ही एकत्र असतं, आणि हुशारीच्या जोरावर एडीएचडी चौथी-पाचवीपर्यंत झाकलंही जातं. माझं मत विचाराल तर महिनाभर जरा अवघड काम देऊन बघा. घरीही तेच चालू असेल, तर क्लास बदलत बसण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञ गाठा.