चीनमधील विद्वान आणि सत्ता: एका ऑनलाइन व्याख्यानमालेचे परीक्षण

चीनमध्ये धोरण ठरताना अभ्यासकांचे म्हणणे कितपत विचारात घेतले जाते, या विषयावरील एक सशुल्क ऑनलाइन व्याख्यानमाला नुकतीच ऐकली. एकपक्षीय राजवटीत तज्ज्ञांना कोणी विचारत नाही, हा समज ती पहिल्याच भागात खोडून काढते. मार्च १९८६ मध्ये चार शास्त्रज्ञांनी उच्च तंत्रज्ञानाबाबत पत्र लिहिले, तेव्हाचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांनी दोनच दिवसांत त्यावर अनुकूल शेरा मारला आणि त्यातून उच्च तंत्रज्ञान संशोधनाचा सरकारी ‘८६३ कार्यक्रम’ उभा राहिला.

सर्वांत सरस भाग लोकसंख्येवरचा आहे. पेकिंग विद्यापीठाचे अध्यक्ष मा यिंचू यांनी १९५७ मध्ये लोकसंख्यावाढीला आवर घालावा असे मांडले, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि १९६० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. दोन दशकांनी क्षेपणास्त्र क्षेत्रातील तज्ज्ञ सोंग ज्यान यांनी त्याच प्रश्नावर गणिती भाकिते मांडली, तेव्हा मात्र ती एक मूल धोरणाच्या पथ्यावर पडली. व्याख्याते याचे श्रेय सोंग यांच्या मांडणीला देतात. ते मला पटत नाही, कारण जननदर सत्तरच्या दशकातच जवळजवळ निम्म्यावर आला होता आणि नेतृत्वाला दरडोई उत्पन्नाचे लक्ष्य गाठण्यासाठी तो आणखी खाली आणायचाच होता. सोंग यांच्या आकड्यांनी त्या इराद्यावर शास्त्राची मोहोर उमटवली, एवढेच.

तज्ज्ञांचे म्हणणे सत्तेच्या सोयीनेच स्वीकारले जाते, हा मुद्दा अधिक स्पष्ट करणारे २००३ चे प्रकरण घाईने उरकले आहे, ही मोठी उणीव होय. ग्वांगझोऊमध्ये ताब्यात घेतलेल्या एका स्थलांतरित तरुणाचा मृत्यू झाल्यावर तीन कायदेपंडितांनी स्थलांतरितांना ताब्यात घेऊन गावी परत पाठवण्याचे नियम घटनेशी सुसंगत आहेत का हे तपासावे, अशी लेखी मागणी राष्ट्रीय लोक काँग्रेसच्या, म्हणजे चिनी संसदेच्या, स्थायी समितीकडे केली. जूनमध्ये राज्य परिषदेने, म्हणजे मंत्रिमंडळाने, ते नियम स्वतःच रद्द केले. समितीने तपासणीचा अधिकार वापरलाच नाही. म्हणजे पंडितांना हवा तो निकाल मिळाला, पण पायंडा पडला नाही. या बारकाव्यावर एक स्वतंत्र व्याख्यान सहज झाले असते.

वरिष्ठांपुरत्या फिरणाऱ्या अंतर्गत अहवालांची माहिती जुजबी आहे, तर उपशीर्षकांत चिनी नावे दर वेळी निराळ्या पद्धतीने लिहिल्यामुळे नवख्या श्रोत्याचा गोंधळ उडतो. फुदान विद्यापीठातील प्राध्यापकीपासून २०१७ मध्ये पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीपर्यंत, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च वर्तुळापर्यंत, पोहोचलेल्या वांग हुनिंग यांच्यावर पूर्ण भाग खर्ची पडला असताना, १९९३ मध्ये स्थापन होऊन २०१९ मध्ये बंद पडलेल्या ‘युनिरूल’ या स्वतंत्र अर्थसंशोधन संस्थेचा उल्लेखही नाही. विषयाची तोंडओळख करून घेण्यासाठी ही मालिका जरूर घ्यावी. मात्र संशोधनासाठी तिच्यावर विसंबू नये.