पडद्यावर किनारा दिसला आणि मी पैसे चुकते केले

माझ्या बोटीवर रडार बसवून देण्याच्या नावाखाली एका माणसाने माझ्याकडून एकूण ४,७३,००० रुपये घेतले आणि त्याच्या बदल्यात मला एक वापरलेला पडदा, एक पोकळ डोम (रडारचा अँटेना ज्यात असतो ते गोल कवच) आणि घरगुती वायरिंगची तार दिली. मी ३१ वर्षे विद्युत अभियंता म्हणून काम केले आहे. त्यामुळे ही गोष्ट मी तीन आठवडे घरातही सांगितली नव्हती, आणि आज लिहितानाही मला लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण हाच माणूस आमच्याच किनाऱ्यावर आणखी दोन बोटमालकांना दरपत्रके देऊन गेल्याचे मला नंतर कळले.

आमची बोट २७ फुटी, फायबरची. मांडव्याहून खांदेरी-उंदेरीपर्यंत, कधी रेवसपर्यंत, एवढाच आमचा वावर. या पट्ट्यात मुंबई बंदराची आणि न्हावाशेव्याची मोठी जहाजे, धरमतर खाडीत ये-जा करणारे बार्ज (माल वाहणाऱ्या सपाट बुडाच्या मोठ्या नौका), प्रवासी लाँच आणि रात्री दिवा न लावता जाळ्यावर थांबलेल्या होड्या असे सगळेच एकत्र असते, आणि थंडीच्या पहाटे समुद्रावर असा धुरकट पडदा उतरतो की दोनशे मीटरवरचा बार्जदेखील दिसत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. तो अपघात भर दिवसा झाला होता आणि त्याचा रडारशी काही संबंध नव्हता, हे मला माहीत आहे. पण त्यानंतर घरातल्या माणसांनी सुरक्षेचे काहीतरी केल्याशिवाय पहाटे बोट काढू नका, असा हट्टच धरला. तेव्हा रडार ही आमची चैन नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे ज्या ज्या टेबलासमोर मी उभा राहिलो तिथे ‘हौसेची बोट’ हे शब्द मला ऐकवण्यात आले.

तो माणूस ओळखीच्या ओळखीतून आला. अशी माणसे कशी बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे: एका बड्या जहाजाचे रद्द झालेले कंत्राट, गोदामात पडून राहिलेला खोकेबंद माल, आणि ‘काका, तुमच्यासाठी म्हणून’. त्याने दिलेल्या दरपत्रकात १८ इंची, ४ किलोवॅट मॅग्नेट्रॉनचा (रडारच्या लहरी निर्माण करणाऱ्या नळीचा) डोम २,३५,००० रुपये, पडदा १,२०,००० रुपये, केबल, फ्यूज आणि कमानीवरचा ब्रॅकेट २७,५०० रुपये आणि मजुरी २७,५०० रुपये, असे एकूण ४,१०,००० रुपये होते. ९ जानेवारीला मी १,५०,००० रुपये आगाऊ पाठवले. खाते त्याच्या फर्मच्या नावाचे नव्हते, एका तिसऱ्याच व्यक्तीचे होते. विचारले तेव्हा भागीदाराचे आहे असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. दरपत्रकावरचा जीएसटी क्रमांक मी त्या दिवशी पोर्टलवर टाकून पाहिला असता तर दोन मिनिटांत प्रकरण संपले असते: पत्ता मुंबईचा आणि क्रमांकाची सुरुवात २४ ने, म्हणजे गुजरातची. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. पैसे पाठवण्याआधी हे पहिले दोन अंक तरी वाचा.

२१ जानेवारीला ‘माल कस्टममध्ये अडकला’ म्हणून ६४,५०० रुपये यूपीआयने गेले. जो माल आधीच गोदामात होता तो कस्टममध्ये कसा अडकला, हा प्रश्न मला त्या रात्री पडला होता, पण मी तो विचारला नाही. त्यानंतर परवान्याच्या कागदांसाठी म्हणून १८,५०० रुपये रोख गेले. रडार हे वायरलेस उपकरणच असते, त्यासाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेच्या परवानगीचा विषय निघतो, हे त्याला बरोबर माहीत होते आणि त्याच माहितीचा त्याने उपयोग केला. त्याने दिलेला कागद कुणा दुसऱ्याच जहाजाच्या परवान्याची झेरॉक्स होती, आणि तिच्यावरचे जहाजाचे नाव पांढऱ्या शाईने पुसलेले होते.

आता त्या दिवसाविषयी, ज्याच्या आठवणीने मी आजही रात्री जागा राहतो. ८ फेब्रुवारी, शनिवार. बोट नांगरावर होती, डोम कमानीवर चढलेला होता, वायरिंग झाल्याचे तो सांगत होता. त्याने पडद्याचे बटण दाबले आणि काही सेकंदांत रडारचे चित्र उमटले: एका बाजूला किनाऱ्याची सलग रेघ, उजवीकडे एक बेट, मध्ये चार-पाच ठसठशीत ठिपके, आणि फिरणारी रेषा. मी खूश झालो. बरोबरच्या मित्राने फोटोही काढले.

मॅग्नेट्रॉनला तापायला एक-दीड मिनिट लागतेच. हे मला माहीत होते. दरपत्रकावर ‘मॅग्नेट्रॉन’ हा शब्द माझ्याच खिशात होता. मी विचारले, लगेच कसे सुरू झाले? तो म्हणाला, ‘काका, हे नवीन सॉलिड स्टेटचे आहे, त्याला तापवायला लागत नाही.’ सॉलिड स्टेट, म्हणजे मॅग्नेट्रॉनऐवजी ट्रान्झिस्टर वापरणाऱ्या रडारला तापवावे लागत नाही, हे खरे आहे. पण मग मी ४ किलोवॅटच्या मॅग्नेट्रॉनचे पैसे कशासाठी देत होतो? दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकत नव्हती, आणि मी अभियंता असून ती एकमेकांपुढे ठेवली नाहीत. बेटाविषयीही मी विचारले, कारण आमच्या त्या बाजूला बेट नाही. त्यावर हेडिंग सेन्सर (बोटीचे तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगणारे उपकरण) अजून जुळवलेला नाही, म्हणून चित्र फिरलेले दिसते, समुद्रात गेल्यावर जुळवून देतो, असे उत्तर आले. तेही अर्धे खरे होते: हेडिंग जुळलेले नसेल तर चित्र खरोखरच फिरते. मात्र फिरलेल्या चित्रातही जे नाही ते बेट उगवत नाही. नकाशाचे पान दाखव म्हटले तर नकाशाचे कार्ड नंतर चालू होईल, असे सांगून त्याने विषय मिटवला.

आणि याहून मोठी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडत होती. आम्ही पडद्याकडे पाहत असताना गेटवेहून आलेली प्रवासी बोट आमच्यापासून शंभर-सव्वाशे मीटरवरून मांडव्याच्या जेट्टीला लागली. एवढे मोठे धूड बाजूने सरकले आणि पडद्यावर एकही ठिपका हलला नाही. मी मान वर करून त्या बोटीकडे पाहिले, मान खाली करून पडद्याकडे पाहिले, आणि मला काहीही खटकले नाही. नांगरलेल्या बोटीवर खऱ्या रडारचे चित्र इतके स्वच्छ कधीच नसते. जवळच्या होड्या, जेट्टीचे खांब, लाटा यांचा मधोमध गिचका असतो आणि तो कमी करण्यासाठी गेन (संवेदनशीलता) आणि सी क्लटर (लाटांचे प्रतिध्वनी दाबणे) ही बटणे हलवावी लागतात. मला दाखवले गेले ते पडद्यातले सिम्युलेटरचे, म्हणजे सरावासाठी भरून ठेवलेले चित्र होते. तशी सूचना वरच्या पट्टीत येत असावी, पण ती पट्टी त्याने ‘काच खराब होऊ नये’ म्हणून चिकटपट्टीने झाकून ठेवली होती. आज पूर्ण दिलेत तर २०,००० कमी करतो, असे तो म्हणाला. राहिलेल्या २,६०,००० ऐवजी २,४०,००० रुपये मी तिथेच बोटीवर उभे राहून आरटीजीएसने पाठवले.

पैसे राखून ठेवायला हवे होते, असे मला आता सगळे सांगतात. माझी बाजू एवढीच की चार वेळा वेळेवर आलेल्या, हातात मल्टिमीटर घेऊन कामाची भाषा बोलणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवला. तारेभोवती लावून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर बोटीत होता. रडारच्या तारेला तो लावून स्टँडबायवरून ट्रान्समिटवर जाताना विजेचा प्रवाह वाढतो का, एवढेच पाहायचे होते. प्रवाह वाढला नाही तर डोम मेलेला आहे. ही तपासणी बंदरातच करा आणि तुमच्या हाताने करा.

१६ फेब्रुवारीला तो समुद्रात हेडिंग जुळवायला येणार होता, पण आला नाही. ८ तारखेला जाण्यापूर्वी त्याने सिम्युलेटर बंद करून ठेवले होते, त्यामुळे त्या पहाटे पडद्यावर रडार सापडत नसल्याची सूचना येऊ लागली. फोन त्याने एकदाच उचलला आणि कनेक्टर सैल झाला असेल, इंजिन चालू राहिले की येईल, असे सांगितले. आमच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, परत फिरू म्हटले होते. मी ऐकले नाही, कारण साडेचार लाखांच्या वर खर्च करून पुन्हा माघारी फिरायचे, हे मला मान्य होत नव्हते. रेवसच्या दिशेने वीस मिनिटे गेल्यावर समोरचे सगळे पांढरे झाले. मी पडद्याचा मेनू चाळत होतो तेव्हा तांडेल ओरडला, ‘साहेब, समोर बघा, पडद्यात नको!’ आणि त्याने सुकाणू पूर्ण उजवीकडे फिरवले. रिकामा बार्ज डावीकडून गेला, तेव्हा त्याच्या अंगावरचा गंज मला दिसत होता. सागरी टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या नियमांत नियम ५ डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायला सांगतो, आणि नियम ७ अपुऱ्या रडार माहितीवर अंदाज बांधू नका म्हणतो. आमच्याकडे तर अपुरीही माहिती नव्हती, आणि तरी आम्ही निघालो होतो ते रडार आहे या समजुतीवर.

पुढच्या आठवड्यात ससून डॉकच्या ट्रॉलरवर रडार दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला बोलावले. त्याने डोम उघडला. मॅग्नेट्रॉनची जागा रिकामी होती, आतले बोर्ड खाऱ्या पाण्याने हिरवे पडलेले होते, आणि बाहेरच्या नव्या स्टिकरखाली जुना, वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर होता. डेटा केबलचे टोक कन्सोलमागे गुंडाळून बांधून ठेवलेले होते. ते पडद्याला कधी जोडलेच नव्हते. बॅटरीपासून डोमपर्यंतची तार दीड चौरस मिलिमीटरची होती. जाऊन-येऊन २२ मीटर अंतर आणि ४ अँपिअर प्रवाह धरला तर शुद्ध तांब्याच्या एवढ्या तारेतही एक व्होल्टहून अधिक विद्युतदाब वाटेतच घटतो, जिथे ही घट १२ व्होल्टच्या यंत्रणेत ३ टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्टच्या आत राहायला हवे. त्यासाठी ६ चौरस मिलिमीटर लागली असती. शिवाय तार तांब्याची नव्हतीच. बोटीवर कल्हई केलेली तांब्याची तार वापरतात, ती बाहेरून चंदेरी असते. सुरीने खरवडले की आत तांबडे तांबे दिसले पाहिजे. आमची आतूनही चंदेरी निघाली: ॲल्युमिनियम. सांधे पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली होती. बॅटरीजवळ फ्यूज नव्हता, आणि ती तार ज्या पाइपातून नेली होती त्याच्या शेजारीच पेट्रोलची टाकी होती. पैशांचे दुःख एकीकडे, पण हे पाहून माझे हात थरथरले. ते सगळे काढून टाकण्याचे आणि मूळ वायरिंग सुरक्षित करण्याचे २२,८०० रुपये झाले.

त्यानंतर सुरू झाली ती कार्यालयांची वारी. किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्यात सांगितले की पैसे मुंबईतल्या खात्यातून गेले, तेव्हा तक्रार मुंबईत करा. मुंबईतल्या ठाण्यात सांगितले की माल बोटीवर दिला, तेव्हा तिकडे करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापून नेले होते. कागद वाचणाऱ्याने तो घडी करून मला परत दिला आणि म्हणाला, माल मिळाला आहे, नंतर बिघडला, हा दिवाणी वाद आहे. माल मिळालाच नव्हता! रिकामे कवच मिळाले होते, त्याचे फोटो माझ्या हातात होते, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ अशाच फसवणुकीसाठी आहे. तिसऱ्या फेरीला मला विचारण्यात आले की बोट विकत घेण्याइतके पैसे असणाऱ्याला हे कसे कळले नाही. बँकेत सांगितले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार घेतली गेली, तक्रारीचा क्रमांक मिळाला, पण तोवर त्या खात्यात काही उरलेले नव्हते. तिथे फोन पहिल्या काही तासांतच करायचा असतो, आणि मी आठ दिवस तर त्याच्या येण्याचीच वाट पाहत बसलो होतो. जेट्टीच्या व्यवस्थापनाने सीसीटीव्हीचे चित्रण पोलिसांच्या पत्राशिवाय देणार नाही म्हटले, पोलिसांनी गुन्हा नोंदल्याशिवाय पत्र देणार नाही म्हटले, आणि या दोघांच्या मध्ये चित्रण जपण्याची मुदत संपली. त्या चित्रणात त्याची गाडी होती. त्यासाठी मी पाच वेळा रो-रोने फेऱ्या मारल्या, लेखी अर्ज दिले, पोच घेतली. एकाही अर्जाला लेखी उत्तर आलेले नाही.

निदान ग्राहक आयोगाचे दार तरी उघडे आहे. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. बोट भाड्याने देत असाल तर ‘व्यावसायिक हेतू’ म्हणून हरकत येऊ शकते, म्हणून आम्ही ती कधीही भाड्याने दिलेली नाही याचे प्रतिज्ञापत्र मी जोडले आहे. पाठवलेली नोटीस दिलेल्या पत्त्यावर अशी फर्म नसल्याच्या शेऱ्यासह परत आली. आता ज्याच्या खात्यात पैसे गेले त्या तिसऱ्या व्यक्तीला पक्षकार करण्याचा अर्ज दिला आहे.

उघडलेला डोम मी तसाच ठेवला आहे, दोन्ही स्टिकरसह, आणि त्या तारेचा मीटरभर तुकडा खरवडलेल्या टोकासह पिशवीत बंद करून त्यावर कारागिराची आणि तांडेलाची सही घेतली आहे. कमानीवर सध्या चार भोके आहेत, ती सीलंटने बुजवली आहेत. पहाटे निघताना तांडेल पुढे उभा राहतो, आणि धुरकट असेल तर आम्ही निघत नाही.