पाळणाघरात मुलाला घरचा डबा द्यावा की तिथलंच जेवण?

संध्याकाळी पावणेसातला लोकलमधून उतरून धापा टाकत आलेली आई दारात चप्पल काढायच्या आधीच विचारते, ‘काकू, जेवली का हो ती?’ डोंबिवलीत घरच्या घरी अकरा वर्षं पाळणाघर चालवलं. हा प्रश्न मी रोज ऐकला आणि ‘हो, जेवली’ असं उत्तरही रोज दिलं. उत्तर खोटं नसायचं. पण चार घास खाल्लेली मुलगीही ‘जेवली’ आणि वाटीभर वरणभात बोटांनी पुसून खाल्लेली मुलगीही ‘जेवली’च.

पाळणाघर बघायला येणारे आईबाबा फी विचारतात, वेळ विचारतात, कॅमेरे आहेत का तेही विचारतात. जेवणाबद्दल मात्र ‘डबा आम्ही द्यायचा की तुम्ही देता?’ एवढंच विचारून थांबतात. मी दोन्ही पद्धती चालवल्या आहेत. पहिली चार वर्षं मुलं घरून डबे आणायची, पुढे मी स्वतः स्वयंपाक करू लागले. त्या अनुभवावरून दोन्हींचं खरं-खोटं सांगते.

आधी वयाचं बोलू. मूल एक वर्षाच्या आतलं असेल तर फार विचार करू नका, घरचंच द्या. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. काढून ठेवलेलं दूध खोलीत फार तर चार तास चालतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून कमी, म्हणून पाळणाघरात फ्रीज आहे का ते आधी बघा. सहा महिन्यांनंतर मऊ खिचडी, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, सगळं मीठ-साखरेशिवाय. आणि मध अजिबात नको. आपल्याकडे गुटी मधात उगाळून द्यायची सवय आहे. पण मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. पाळणाघरातल्या मावशी प्रेमापोटी चाटवतील, म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून ठेवा.

खरा प्रश्न येतो तो सव्वा-दीड वर्षानंतर, मूल ताटात बसून खायला लागतं तेव्हा.

डब्याची बाजू

डब्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डबा परत येतो आणि परत आलेला डबा खरं बोलतो. किती उरलं, काय उरलं, पोळीच्या मधला भाग खाऊन कडा टाकल्या का, हे संध्याकाळी झाकण उघडलं की कळतं. फक्त पाळणाघराला सांगून ठेवा की उरलेलं टाकू नका आणि डबा धुऊ नका. आम्ही बायका चांगुलपणाने डबा लख्ख घासून देतो आणि आईला काहीच कळत नाही.

दुसरी जमेची बाजू ॲलर्जीची. मराठी स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट कशात नसतं? कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, अगदी पालेभाजीतसुद्धा. मुलाला शेंगदाण्याचा त्रास असेल तर घरचा डबाच बरा, आणि तरीही पाळणाघराला लेखी द्या, कारण शेजारच्या डब्यातला घास तोंडात जायला वेळ लागत नाही.

आता अडचण. तुमचा डबा सकाळी साडेसहाला भरला जातो आणि सव्वाबाराला उघडतो. म्हणजे पावणेसहा तास. शिजवलेलं अन्न पाच ते साठ अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये म्हणतात. भात तर जास्तच नाजूक. त्यातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात तो जे विष तयार करतो ते पुन्हा गरम करूनही जात नाही. एप्रिल-मे महिन्यात वरणभाताचा डबा उघडल्यावर येणारा तो किंचित आंबूस वास मला अजून आठवतो. आम्ही तो भात बाजूला ठेवायचो आणि त्या मुलाला केळं द्यायचो.

त्यामुळे डबा द्यायचाच असेल तर प्रवासाला टिकणारं द्या: थालीपीठ, मेथीचे मुटके, बेसनाचं धिरडं, पोळी-सुकी उसळ. दूध घातलेली खीर, ओल्या नारळाची चटणी, कालवलेला दहीभात साध्या डब्यात नको. वरणभात हवाच असेल तर थर्मासचा डबा घ्या, त्यात दहा मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, मग ते ओतून वाफाळता भात भरा. नुसत्या थंड थर्मासमध्ये भरलेला भात दुपारपर्यंत कोमट होतो आणि कोमटच सगळ्यात वाईट.

तिसरी गोष्ट जरा दुखरी आहे. सकाळच्या घाईत डब्यात तेच तेच जातं. तूपसाखरेचा पोळीरोल, बटाट्याच्या काचऱ्या, जॅम-ब्रेड, नूडल्स. मी आईला दोष देत नाही, पाच वाजता उठणाऱ्या बाईने अजून किती करायचं? पण चार वर्षं रोज डझनभर डबे उघडून पाहिल्यावर सांगते, त्यात डाळ किंवा उसळ असलेले डबे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असायचे.

पाळणाघरातल्या ताटाची बाजू

इथलं अन्न ताजं, गरम आणि बहुतेक ओलसर. दोन वर्षांच्या मुलाच्या दाढा पूर्ण आलेल्या नसतात, वातड पोळीपेक्षा मऊ भातात कालवलेलं वरण त्याच्या पोटात जास्त जातं.

आणि पंगत! एकट्याने न खाणारं मूल पंगतीत खातं हे मी शेकडो वेळा पाहिलं. एक अडीच वर्षांची मुलगी घेवड्याची भाजी पाहिली की तोंड फिरवायची. मी तिच्या ताटात रोज एकच शेंग वाढायचे, खा म्हणायचे नाही. ती ती शेंग उचलून ताटाच्या कडेला ठेवायची. दोन आठवड्यांनी शेजारच्या मुलाने स्वतःच्या शेंगा संपवून तिची उचलायला हात पुढे केला, तेव्हा तिने ती चटकन तोंडात टाकली. नवीन चव मुलांच्या अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. डब्यात आई हे करत नाही, कारण उरलेली भाजी बघून तिचा जीव तुटतो आणि दुसऱ्या दिवशी ती बटाटा देते.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी याची सोपी वाटणी करून दिली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. हे नाव मला फार उशिरा कळलं, पण माझ्या आईची वाढायची पद्धत हीच होती.

आता या बाजूची अडचण. पाळणाघराचं ताट चांगलं की वाईट हे फळ्यावरच्या मेनूवरून कळत नाही. ‘वरणभात’ लिहिलंय ना? मग विचारा, दहा मुलांना डाळ किती घालता? तीनशे ग्रॅम तूरडाळ शिजवली तर प्रत्येकाला तीस ग्रॅम डाळ येते, म्हणजे सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण बारा ग्रॅम लागतात, म्हणजे अर्धी गरज एका जेवणात भागली. तेच वरण शंभर ग्रॅम डाळीत पाणी वाढवून केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन ग्रॅम येतात. फळ्यावर दोन्हीकडे ‘वरणभात’च.

मेनू दिवसभराचा एकत्र वाचा. सकाळी पोहे, दुपारी साधा भात आणि बटाटा, चार वाजता बिस्किटं-दूध: पोट भरलं, पण दिवसभर जवळजवळ पिष्टमय पदार्थच गेले. त्याच पोह्यांवर लिंबू पिळलं आणि मूठभर मोडाची मटकी वाफवून घातली, चारला राजगिऱ्याचा लाडू किंवा फळ दिलं, तर खर्च फार वाढत नाही. घरी अंडं चालत असेल तर विचारून बघा, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. मात्र पुष्कळ पाळणाघरं सगळ्या मुलांसाठी शाकाहारीच ठेवतात, तेव्हा अंड्याचं घरीच बघावं लागेल.

दुधाच्या बाटलीबद्दल एक गोष्ट पोटतिडकीने सांगते. रडणारं मूल बाटलीने गप्प होतं, म्हणून काही ठिकाणी दिवसातून तीन-चार बाटल्या जातात. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध गेलं की जेवणाला पोटात जागा राहत नाही आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. चहा तर नकोच, घोटभरसुद्धा, तो लोह शोषू देत नाही. दोन वर्षांच्या आत साखर आणि पाकिटातले ज्यूस द्यायचे नाहीत, हे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही सांगणं आहे.

आणि घशात अडकणाऱ्या गोष्टी. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे. चार-पाच वर्षांपर्यंत द्राक्षं उभी चिरून, गाजर किसून, शेंगदाणे कूट करून. वाढदिवसाला कुणी चिक्की वाटली तर ती कोण बघतं, हे विचारायला लाजू नका.

अंगणवाडी

पुष्कळ सुशिक्षित घरांत हा पर्याय मनातही येत नाही. खरं तर अंगणवाडी हा शब्द आणि कल्पना आपल्याच मातीतली, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून आलेली. अंगणवाड्या ज्यातून चालतात ती सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ सालची. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे सकाळचा खाऊ आणि गरम शिजवलेलं जेवण मिळतं, वर्षाला ३०० दिवस. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना घरी न्यायचा शिधा मिळतो. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी किंवा केळीही दिली जातात.

पूर्ण दिवस नोकरी करणाऱ्या आईची अडचण वेळेची आहे, अंगणवाडी काही तासच चालते. केंद्राच्या पाळणा योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलं आहे, तुमच्या भागात ते आहे का हे सेविकेला विचारा. ते नसलं तरी नाव घाला. वजन-उंची नियमित घेतली जाते आणि वाढीचा आलेख तयार होतो. मूल ‘जेवतं’ की नाही याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तोच देतो.

ऑफिसचं पाळणाघर हाताशी असेल तर मात्र तेच घ्या. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत ते असायला हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, असं मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून कायदाच सांगतो. अंगावर पिणारं बाळ असेल तर याच्यासमोर कुठलाच डबा टिकत नाही.

मी काय निवडेन

माझ्या नातवासाठी ठरवायचं झालं तर दीड वर्षापर्यंत घरचं, तेही थर्मासमध्ये. त्यानंतर दुपारचं जेवण पाळणाघराचं आणि चारचा खाऊ घरचा, कारण पाळणाघरं घसरतात ती चार वाजता. ॲलर्जी किंवा आजारपण असेल तर डबा, कितीही मोठं झालं तरी. पाळणाघराचं ताट मनाला पटलं नाही आणि दुसरं पाळणाघर मिळत नसेल, तर सुक्या उसळीचा आणि थालीपिठाचा डबा. फक्त त्यात साखरेचा रोल नको.

पण पैसे भरण्याआधी एकदा दुपारी सव्वाबाराला न सांगता जा. मुलं हात धुऊन बसली आहेत का, टीव्ही किंवा मोबाइल चालू आहे का, वाढणाऱ्या बाई स्वतः खाली बसल्या आहेत की उभ्याने घास कोंबताहेत, ते बघा. कुणी ‘नको’ म्हटल्यावर काय होतं तेही बघा. मग स्वयंपाकघरात जाऊन पिण्याचं पाणी कुठलं ते विचारा आणि वरणाच्या पातेल्यात डाव फिरवून बघा, तळाशी डाळ लागते का.