बीआरसीए दोष निघाला: तपासण्या करत राहायचं की आधीच शस्त्रक्रिया?

आईला किंवा आत्याला तरुणपणी स्तनाचा कर्करोग झाला होता, म्हणून तुम्ही जनुकीय चाचणी केली. रिपोर्टमध्ये बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकात दोष निघाला, म्हणजे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढला, पण तुम्हाला स्वतःला कर्करोग नाही. पुढे दोन वाटा आहेत: डोळ्यांत तेल घालून तपासण्या करणं किंवा धोक्याचा अवयवच काढून टाकणं.

रिपोर्टवर ‘व्हीयूएस’, म्हणजे अजून अर्थ न लागलेला बदल, असं लिहिलं असेल तर केवळ त्यावरून शस्त्रक्रियेचा विचारही करू नका. बदल घातक ठरलेला असेल तर जनुक कोणतं ते पाहा. सुमारे १०,००० स्त्रियांचा पाठपुरावा करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाची शक्यता बीआरसीए-१ मध्ये ७२ टक्के, बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के, म्हणजे जवळपास सारखीच. अंडाशयाच्या बाबतीत मात्र ४४ आणि १७ टक्के, असा मोठा फरक आहे.

स्तनांपुरतं बोलायचं तर दोन्ही वाटा खऱ्या अर्थाने खुल्या आहेत. तपासणीची वाट म्हणजे साधारण पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून जोडीला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. स्तन राहतात, बाळाला अंगावर पाजता येतं. पण तपासणीने कर्करोग टळत नाही, तो लवकर सापडतो. बीआरसीए-१ मधल्या गाठी बऱ्याचदा ट्रिपल निगेटिव्ह (ज्यांवर हार्मोनविरोधी औषधं चालत नाहीत अशा) असतात, झपाट्याने वाढतात आणि कधी दोन तपासण्यांच्या मधेच उगवतात. मग केमोथेरपी बहुतेक वेळा चुकत नाही. शिवाय एमआरआयमध्ये संशयास्पद काही दिसलं की बायोप्सी, आणि रिपोर्ट येईपर्यंत जिवाला घोर. तुमच्या गावापासून एमआरआयची सोय लांब असेल आणि दोन-दोन वर्षं तपासणी राहून जाणार असेल, तर या वाटेवर विसंबू नका.

दोन्ही स्तन काढले तर धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो. त्याची किंमतही मोठी आहे: छातीची संवेदना बहुतेक जाते, स्तनपान संपतं आणि इम्प्लांट बसवलं तर ते पुढे कधीतरी बदलावं लागू शकतं. पंचविशी-तिशीतल्या, मूल हवं असलेल्या मुलीने काही वर्षं काटेकोर तपासण्यांवर काढली तर मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. घरच्यांनी घाई करू नये.

अंडाशयाचं तसं नाही. तिथे सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्तचाचणी वेळेत इशारा देतील याचा भरवसा नाही, त्यामुळे तपासणीची वाट जवळपास बंदच आहे. २०१३ मध्ये बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीने स्तन काढून घेतले तेव्हा जगभर चर्चा झाली. २०१५ मध्ये तिने अंडाशय आणि गर्भनलिकाही काढल्या. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रीने माझ्या मते हा दुसरा निर्णय मुळीच टाळू नये. मुलं झाल्यावर, बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ या वयात ही शस्त्रक्रिया सुचवतात. पाळी एकदम थांबते, अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. कर्करोग झालेला नसेल तर काही वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेता येतील का, हे शस्त्रक्रियेच्या आधीच विचारून घ्या.

आणि रिपोर्ट भावंडांना दाखवा, भावांनाही. प्रत्येकात हा दोष असण्याची शक्यता ५० टक्के आहे, आणि बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्या पुरुषाने चाळिशीपासून प्रोस्टेटची तपासणी सुरू करायची असते.