लातूरच्या हवापाण्यात बबल-टिप ॲनिमोन: तिन्ही ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

घरगुती सागरी टाकीत (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात) ॲनिमोन हा फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी पाळायचा म्हटले की चर्चा बहुधा दिव्यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. लातुरात ३०० लिटरच्या टाकीत बबल-टिप ॲनिमोन उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा सांभाळल्यानंतर माझे मत वेगळे झाले आहे. मराठवाड्यात पहिला खर्च शुद्ध पाण्यावर, दुसरा पाण्याची पातळी राखण्यावर, तिसरा वीज गेल्यावरच्या सोयीवर करावा आणि दिव्याचा विचार त्यानंतर करावा.

आपल्याकडे समुद्राचे पाणी मिळण्याचा प्रश्नच नाही. सगळे पाणी मीठ मिसळून घरीच बनवावे लागते. बोअरचे पाणी कमालीचे जड आणि टँकरच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर, त्यामुळे पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार काढून टाकणाऱ्या आरओ-डीआय यंत्राला पर्याय नाही. स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही, कारण त्यातले बरेचसे पिण्याच्या सोयीसाठी खनिजे पुन्हा मिसळतात. यंत्र घेताना कार्बन फिल्टर चांगला आहे ना, हे आधी पाहावे, कारण क्लोरीन थेट पोहोचल्यास मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) लवकर खराब होते. शेवटच्या टप्प्यातील रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) बोअरच्या पाण्यावर फार झपाट्याने रंग बदलते, म्हणजे संपते. नळाचे पाणी आले की साठा करून ठेवणे मला स्वस्त पडले. शुद्ध पाण्याच्या साधारण तिप्पट पाणी वाया जाते, आणि २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे ते गटारात सोडणे मनाला पटत नाही. आमच्याकडे ते पिंपात साठवून फरशी आणि शौचालयासाठी वापरतो. आणखी एक सूचना: तांब्याच्या हंड्यातले पाणी टाकीच्या जवळपासही आणू नये. माणसाला ते मानवत असेल, ॲनिमोनसारख्या अपृष्ठवंशी जीवांना मात्र तांबे विषच आहे, आणि माशांच्या काही औषधांतही ते असते.

उन्हाळ्यात खरी कसोटी लागते. ॲनिमोनला २५ ते २७ अंश तापमान मानवते, तर मे महिन्यात बंद खोलीचाच पारा ३५ च्या आसपास असतो. आपली हवा कोरडी असल्यामुळे पाण्यावर वारा सोडणारे छोटे पंखे दमट मुंबईपेक्षा इथे जास्त गुणकारी ठरतात. माझ्या टाकीत त्यांनी तीन-चार अंशांचा फरक पाडला. एप्रिल-मेमध्ये तेवढ्याने भागत नाही, पाणी थंड करणारा चिलर लागतोच, आणि त्याची गरम हवा खिडकीबाहेर काढली नाही तर तो खोली तापवत आणि स्वतःशीच झुंजत बसतो. खोलीत वाळ्याचा कूलर लावल्यास खोली गार होते, पण हवा दमट झाल्याने टाकीवरच्या पंख्यांचा परिणाम घटतो. हिवाळ्यात मात्र रात्री हीटर विसरून चालत नाही.

पंख्यांचा मोबदला बाष्पीभवनाच्या रूपाने द्यावा लागतो. कडक उन्हात दिवसाला सुमारे सहा लिटर पाणी उडते, मीठ मात्र मागे राहते; दोन दिवस भर घातली नाही तर क्षारता (मिठाचे प्रमाण) दर हजारी ३५ वरून ३६.५ च्या जवळ जाते. म्हणून गोडे शुद्ध पाणी आपोआप भरणारे यंत्र ही माझ्या मते सर्वांत उपयुक्त खरेदी ठरली. त्याच्या सेन्सरवर पांढरा पापुद्रा धरतो, तो आठवड्याला पुसावा लागतो, एवढीच तक्रार.

वळिवाच्या वाऱ्यात तारा तुटून रात्रभर वीज गेली, तेव्हा इन्व्हर्टरवर मी फक्त वेव्हमेकर (टाकीतले पाणी हलते ठेवणारा पंप) ठेवला आणि बॅटरीवरचा हवेचा पंप जोडीला दिला. चिलर इन्व्हर्टरवर चालवण्याचा हट्ट धरू नये; काही तास तापमान वाढलेले चालते, प्राणवायू संपलेला चालत नाही. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा, अन्यथा एसी पंप गुणगुणतात आणि तापतात.

जागा न आवडल्यास ॲनिमोन सरळ चालू लागते. वेव्हमेकरला स्पंजचे किंवा जाळीचे आवरण नसेल, तर त्याचे तुकडे होऊन सगळी टाकी बिघडू शकते. माझे ॲनिमोन दगडाच्या अरुंद फटीत पाय खोलवर रुतवून बसले, तेव्हाच स्थिरावले. आता ते दिव्याखाली शुंडके (तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव) फुगवते आणि टोकांवर टपोरे फुगे दिसतात, मात्र सगळ्या ॲनिमोनांना ते नेहमी येतातच असे नाही. आठवड्यातून एकदा वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा पुरे. मोठा दिला तर दुसऱ्या दिवशी बुळबुळीत गोळा होऊन बाहेर येतो, कारण तोंड आणि गुदद्वार एकच असते.

दिव्याविषयी थोडक्यात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून १८२८ मध्ये आणलेले एक ॲनिमोन काचेच्या बरणीत, नेमाने बदललेल्या समुद्राच्या पाण्यावर १८८७ पर्यंत जगले. पण त्यावरून दिवा नकोच असे ठरवू नये; ती जात वेगळी होती. बबल-टिपच्या अंगातली शैवाले प्रकाशावर अन्न बनवतात, म्हणून चांगला एलईडी हवाच, फक्त तीव्रता हळूहळू वाढवावी.

खरेदीच्या वेळी पांढरेशुभ्र ॲनिमोन दुर्मीळ म्हणून दाखवले तर समजावे की त्याने शैवाले गमावली आहेत. भडक पिवळे किंवा गुलाबी असेल तर रंगवलेलेही असू शकते. तोंड घट्ट मिटलेले आणि पाय न फाटलेला असेल, तरच घ्यावे. शिवाय नवी टाकी किमान सहा महिने चालल्याखेरीज ॲनिमोन आणू नये; तेवढ्या काळात एक उन्हाळा निघून गेला तर उत्तमच.