माझ्या कादंबरीवर वेब सिरीज येणार होती. १,१२,८५९ रुपये गेले

आकडा आधीच सांगते. एक लाख बारा हजार आठशे एकोणसाठ रुपये. फेब्रुवारी ते जून, चार वेळा करून गेले. आणि मी पेशाने अकाउंटंट आहे. ज्यांना हसायचं आहे त्यांनी इथेच हसून घ्यावं.

नागपुरात, धरमपेठेतल्या एका ऑफिसात मी हिशेब सांभाळते आणि टोपणनावाने कादंबऱ्या लिहिते. प्रेमकथा जास्त. शिवाय एक अद्भुतरम्य मालिका, अंबाझरीच्या तळाशी बुडालेल्या राज्याची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओसंडून आजूबाजूच्या वस्त्यांत पाणी घुसलं, तेव्हा सुचलेली. लिहिते पहाटे साडेचारला, ओट्यापाशी उभी राहून, मोबाइलवर. बसलं की डोळा लागतो. त्या राज्याचे नकाशे जुन्या लेजरच्या कोऱ्या पानांवर काढलेत. ऑफिसात कोणाला पत्ता नाही. नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना संशय आहे.

अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाला स्वतःच पुस्तक काढता येतं त्या सोयीवर, माझी सहा ई-बुकं आहेत. तिथे पुस्तक चढवायला एक रुपया लागत नाही, हे आधी लक्षात ठेवा. पण मराठीला तिथे ई-बुकच, छापील प्रत मिळत नाही. आणि वाचणाऱ्या बायका विचारत राहतात, "ताई, हातात धरता येईल असं पुस्तक कधी काढता?" गेल्या वर्षीची माझी रॉयल्टी होती ६,२१४ रुपये. मला पैसे नको होते, पुस्तक हवं होतं.

म्हणून पुस्तक छापून देणारी मुंबईची म्हणवणारी एक कंपनी गाठली. पहिला हप्ता त्यांच्या पॅकेजचा. २१,९९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५,९५९. दुसरा ३,५०० रुपये, 'आयएसबीएन रजिस्ट्रेशन', म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. नंतर विदर्भ साहित्य संघाच्या एका कार्यक्रमात शेजारी बसलेल्या बाईंनी सहज सांगितलं की आयएसबीएन फुकट असतो, दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी देते, लेखकालाही स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. मी तिथे "हो का?" म्हणून चिवडा खात राहिले. माझे साडेतीन हजार गेलेत हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

एप्रिलमध्ये पुस्तकं आली. शंभर प्रती सांगितल्या होत्या, पोत्यात चाळीस निघाल्या. कुठला तरी जुना फॉन्ट वापरलेला. जोडाक्षरं फुटलेली, पहिल्या वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटलेल्या. नायक दोनशे पानं थांबून ज्या पानावर मन मोकळं करतो, तिथे छापलंय: 'माझं तुझ्यावर प् रेम आहे.' प, पाय मोडलेला, मग जागा, मग रेम. मी ते पान अंगठ्याने झाकून नवऱ्याला पुस्तक दाखवलं.

तिथे तरी थांबायचं की नाही? पण मी भांडायला फोन केला आणि पलीकडून वेगळाच माणूस बोलायला लागला. "मॅम, प्रिंटिंगचं बघतो मी, पण आधी अभिनंदन! तुमची कादंबरी आमच्या कंटेंट टीमने एका ओटीटीवाल्यांकडे पाठवली होती. त्यांना आवडली. मी स्वतः वाचली. तो शेवटचा स्टेशनवरचा सीन! डोळ्यांत पाणी आलं, मॅम."

माझ्या कादंबरीत स्टेशन नाही.

कुठेच नाही. शेवटची भेट होते ती गणेशपेठच्या एसटी स्टँडवर, यवतमाळच्या गाडीपाशी. हे वाक्य ऐकून फोन ठेवायला हवा होता. आणि मी काय केलं? मीच म्हणाले, "स्टेशन नाही हो, बसस्टँड." तो लगेच, "हां हां, तोच, बसस्टँड!" मी मनात म्हटलं, मुंबईच्या माणसाला स्टँड काय नि स्टेशन काय. म्हणजे खोटं तो बोलत होता आणि दुरुस्त मी करून देत होते. त्या रात्री मी तो प्रसंग पुन्हा काढून वाचला आणि खरंच छान लिहिलाय असं वाटून झोपले. आजही हे आठवलं की कानशिलं तापतात.

मग तिसरा हप्ता: इंग्रजी सारांश आणि 'पिच डेक', म्हणजे ओटीटीवाल्यांना दाखवायच्या स्लाइड्स, ३०,००० अधिक जीएसटी ५,४००, एकूण ३५,४००. चौथा: करार होईपर्यंत 'परत मिळणारं डिपॉझिट', ४८,०००. हे माझ्या भिशीचे होते. त्यातून घराच्या खिडक्यांना जाळ्या बसणार होत्या. डास चावले की सासूबाई विचारतात, "काहून गं, जाळीवाला आलाच नाही?"

एक साधी गोष्ट ऐका. कथेचे हक्क घेणारा लेखकाला पैसे देतो. लेखकाकडून मागतो तो चोर. दुसरा अर्थच नाही.

आणि ते बिल! दिवसभर मी दुसऱ्यांची बिलं तपासते. यांच्या बिलावर पत्ता मुंबईचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०९ ने. महाराष्ट्राचा २७ असतो, ०९ उत्तर प्रदेशचा, हे मला झोपेतही सांगता येतं. पंधरा अक्षरं हवीत, होती चौदा. जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतं, अर्ध्या मिनिटाचं काम. ऑफिसात क्लायंटचं असं बिल आलं असतं तर मी परत पाठवलं असतं. स्वतःचं बिल मात्र स्वयंपाक करताना, एका हाताने मोबाइल धरून पाहिलं, आणि पाहिलं ते त्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव.

जूनअखेर फोन लागेना, तेव्हा पोलीस स्टेशनला गेले. हवालदाराने विचारलं, "मॅडम, काय लिहिता तुम्ही?" प्रेमकथा म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरचा हसला. मग, "पैसे तुम्हीच पाठवले ना? पुस्तकं आली ना? मग फसवणूक कशी? हे सिव्हिल मॅटर झालं." अहो, शंभरच्या जागी चाळीस आली, वेब सिरीजची गोष्ट थाप निघाली, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे? तिथून सायबर पोलिसांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, आधी स्थानिक ठाण्यात नोंद करा. दोन चकरा अशाच. झिरो एफआयआरचं, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते त्या नोंदीचं नाव काढलं तर साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही फार वाचता वाटतं."

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रारही टाकली. पण शेवटचा हप्ता जाऊन एकोणीस दिवस झाले होते. इथे चूक माझी. पैसे गेल्याबरोबर, त्याच तासात १९३० फिरवा, लाज नंतर वाटून घ्या. बँकेत तर मॅनेजरने मान वर केली नाही. "पिन तुम्हीच टाकला ना? मग आम्ही काय करणार?" ज्या खात्यात पैसे गेले ते त्यांच्याच बँकेचं, दुसऱ्या शाखेचं. ते गोठवायला पोलिसांचं पत्र हवं. पोलिसांना नोंद करायला बँकेचा तपशील हवा. मी या दोघांच्या मध्ये सिव्हिल लाइन्सच्या उन्हात, छत्री घेऊन.

कोणी म्हणेल, एवढी शिकलेली बाई. मी मूर्ख नाही. सहा पुस्तकं लिहून ज्याने प्रकाशनाच्या धंद्यातल्या कोणाच्या तोंडून "मी वाचलं" हे शब्द ऐकले नाहीत, त्याने एकदा तो फोन घेऊन बघावा. आणि हो, टाइप केलेली मूळ फाइल कोणाला देऊ नका. माझी अजून त्यांच्याकडे आहे. कॉपीराइटची नोंदणी ५०० रुपयांत होते, तीही मी नंतर केली.

आता ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. खिडकीवरच्या माणसाने आधीच शंका काढली, "पुस्तक विकायला काढलं म्हणजे धंदा झाला, तुम्ही ग्राहक कशा?" वर्षाला ६,२१४ रुपयांचा धंदा! रॉयल्टीचं स्टेटमेंट जोडलंय, फुटक्या प्रेमाचं पानही जोडलंय. सगळ्या कागदांच्या तीन संचांची झेरॉक्स झाली १८६ रुपये. लेजरमध्ये खाली लिहून बेरीज नव्याने केली. १,१३,०४५.