पिकअपला टायर: नायलॉन की रेडियल?

सोलापुरातून कांदा भरून हायवेने पुण्याला पळणारी पिकअप असेल तर रेडियलच (आत स्टीलच्या तारांचे पट्टे असलेला टायर) घ्या. नायलॉन (तिरप्या नायलॉन धाग्यांचा टायर) स्वस्त पडतो खरा, पण मे महिन्यातल्या ४० अंशांच्या वर लांब पल्ल्याला तो जास्त तापतो, लवकर झिजतो, वर डिझेलही खातो. रेडियलचं दुखणं एकच, त्याची बाजू पातळ. बांधावरचा टोकदार दगड घासला की चिरते, आणि तिथे पंक्चरवाल्याचा पॅच टिकत नाही. नायलॉनची जाड बाजू असा मार सोसते. एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीत, दोन्हींची सरमिसळ नको. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे टायर २०२५ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. जुना माल ‘नवा’ म्हणून खपवतात. शेतरस्त्यावर, खडी-मातीत जवळपासच फिरणाऱ्या गाडीला नायलॉन पुरतो.